केळवणाला रेड वाइन

केळवणाला नवरीला विचारायचं असतं, तुझ्या आवडीचं काय करू? मी भाचीला विचारलं. जुई म्हणाली, "पुरणपोळी नको. आत्या, तू शनिवारी घेतेस ना, ती रेड वाइन. आणि तिचं ते आंबट कॉकटेल."

मी भोपाळला इंद्रपुरीत एकटी राहते आणि शनिवारी एक ग्लास घेते. पडदे ओढत नाही. आमच्यातले पुरुष गणपतीच्या मीटिंगनंतर गाडीच्या डिकीआड उभं राहून स्टीलच्या पेल्यातून ढोसतात, ते चालतं. बाईने खुर्चीत बसून काचेच्या ग्लासातून घेतली की खानदान बुडतं. बुडू दे.

पण जुईने हे जिभेसाठी मागितलं नव्हतं. तिचं लग्न अशोका गार्डनच्या सौरभशी ठरलं होतं. तिला पहिली वाइन पाजली त्यानेच, आणि आता फोनवर बजावत होता, लग्नानंतर तुझं पिणं बंद, आईला कळता कामा नये. त्याचं मात्र चालूच राहणार होतं. हा माणूस वेळ आली तर आपल्या बाजूने उभा राहतो का, एवढंच जुईला लग्नाआधी बघायचं होतं.

रविवारी दुपारी सौरभ आला. त्याच्या आईला, मंजूषाताईंनाही बोलावलं होतं, पण गुडघा दुखतो म्हणून त्या येणार नव्हत्या. दोघांसाठी मी टेबलावर ताटं मांडली, भोवती रांगोळी काढली. आधी वाइन नुसतीच घेतली. भोपाळच्या मे महिन्यात ती फ्रिजमध्येच ठेवावी लागते आणि बाहेर काढून जरा थांबावं लागतं, मग कुठे तिचा जांभळासारखा तुरटपणा जिभेवर येतो. जुई तो तोंडात घोळवत बसली होती.

मग कॉकटेल. व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक बर्फात हलवून मी ग्लासांत गाळलं. आता वर वाइनचा थर सोडायचा होता आणि मी चमचा सरळच धरला होता.

"आत्या, चम्मच उलटा पकडो," सौरभ म्हणाला. "त्याच्या पाठीवर सोडा, धीरे से. नाहीतर सगळं मिक्स होतं. जुईला पण मीच शिकवलंय."

लाल थर पिवळ्यावर नीट बसला. आम्ही तिघंही हसलो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मंजूषाताई, हातात साडीची पिशवी. आपण नाही गेलो तर सुनेला वाईट वाटेल, म्हणून ऑटो करून आल्या होत्या बिचाऱ्या.

सौरभने आपला ग्लास हळूच माझ्यापुढे सरकवला. मी ते पाहिलं. जुईनेही पाहिलं, पण तिने आपला ग्लास हातातून सोडला नाही.

मंजूषाताईंनी विचारलं, हे काय आहे. सगळं माझंच आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर जुईने मान हलवून मला गप्प केलं.

"रेड वाइन आहे, काकू. खाली व्हिस्की."

त्या खुर्ची ओढून बसल्या. मग मुलाकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

जुई त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी मनात म्हणत होते, हो म्हण मेल्या, एकच अक्षर आहे.

"नाही आई. मी तर पहिल्यांदाच बघतोय." वर हेही म्हणाला की आजकालच्या मुलींचं काही सांगता येत नाही.

एक ठेवून द्यावी असं वाटलं मला. जुई रडली नाही. तिने ग्लास उचलला, आधी लाल, मग खालचं आंबट, सावकाश सगळं संपवलं आणि ग्लास खाली ठेवला.

"काकू, वाइन सोडताना चमचा उलटा धरायचा असतो. ते मला यानेच शिकवलं."

सौरभ अगं आई, अगं आई करत राहिला. मंजूषाताईंची नजर माझ्यापुढच्या त्या भरल्या ग्लासावर गेली. मी एकटी आणि माझ्यासमोर दोन ग्लास. त्यांनी साडी पिशवीतून बाहेर काढलीच नाही. मुलाच्या आधी त्याच उठल्या.

"आत्या," जुई म्हणाली, "एक ताट उचल."

कुठलं, ते विचारावं लागलं नाही. दार लागल्यावर मी तिला वरणभात वाढला. तिने पोटभर खाल्लं.