पिवळ्या शेंडीची सुतारीण

मित्रांनो, मी एक जुना ऐनाचा वृक्ष आहे. करडी गावाच्या पलीकडच्या जंगलात उभा आहे. तरुणपणी माझ्या पानांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे किडे पोसले जात. "याचा कोसा भारी!" असे लोक म्हणत. मग १९७४ साली माझ्यावर वीज पडली. अर्धे अंग वाळले आणि माझ्याकडे कोणी फिरकेना.

पुढे एका हिवाळ्यात सुतार पक्ष्यांच्या जोडीने माझ्या वाळक्या खोडात ढोली कोरली. खरे सांगतो, दुखले नाही. उलट बरे वाटले.

१९७९ च्या मार्चमध्ये जंगलाचे गार्ड लक्ष्मणराव आले. वाळलेली झाडे तोडायची होती. त्यांनी माझ्या बुंध्यावर हातोड्याने शिक्का मारला. ढोलीत तर पिल्ले होती! शेजारी मोहफुले वेचणाऱ्या सखाबाई टोपली ठेवून उठल्या.

"गार्डसाहेब, याले कायले तोडता? वर पिल्लं हायेत."

"सुतारच ना, बाई? गावातल्या आंब्यावरही बसते तो. तो दुसरं झाड शोधून घेईल."

"तो नोहे हा. त्याची मान मागून काळी रायते. याची पाहा, पांढरी हाय, पार पाठीपर्यंत."

लक्ष्मणरावांना पटेना. ढोलीपाशी बसलेला नर आणि गावातला सुतार, दोघांचीही पाठ सोनेरी, दोघांचीही शेंडी लाल. तरी ते दूर जाऊन बसले. थोड्या वेळाने चोचीत अळी घेऊन मादी आली. गावातल्या सुतारिणीची शेंडी लाल असते. हिची पिवळीधमक होती!

"वीस वर्षं झाली जंगलात," लक्ष्मणराव हळूच म्हणाले, "अन् मी दोघाइले एकच समजून राहिलो होतो."

मारलेला शिक्का त्यांना स्वतःच्या मनाने पुसता येत नव्हता. झाड सोडायची परवानगी मागायला ते सायकलवरून जंगलखात्याच्या साहेबांच्या कचेरीत गेले. तिसऱ्या दिवशी तोडणारे आले, लक्ष्मणराव मात्र आले नव्हते. सखाबाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "गार्डसाहेब येऊन राहिले, जरासे थांबा गा!" कोणी ऐकेना. पहिला घाव बसला. माझी उरलीसुरली पानेही थरथरली.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. "थांबा! हे झाड सोडा!" लक्ष्मणराव हातातला कागद हलवत ओरडले. उगारलेली कुऱ्हाड घाव न घालताच खाली आली. सखाबाई हसू लागल्या.

दहा दिवसांनी दोन्ही पिल्ले उडून गेली. घावावर आता साल धरली आहे.

मित्रांनो, वाळलेले झाड दिसले की त्याला लगेच सरपण म्हणू नका. जरा दूर बसा, वर पाहा. आणि जंगलात रोज वावरणारा माणूस काही सांगत असेल, तर कुऱ्हाड उचलण्याआधी त्याचे ऐका.