निळी बादली

लाँड्रीवाल्या बाईंच्या नाकाला गल्लीत तोड नव्हती. कपडा नाकाशी नेला की त्या सांगत, हा घाम उन्हातला, हा तापातला, आणि हा गृहस्थ घरी जायच्या आधी कुठंतरी बसून आलाय. सही करताना हात अडखळायचा, नाक कधी अडखळलं नाही.

त्याच नाकाला सुनेनं जेरीस आणलं. तिच्या कपड्यांना सडक्या मासळीचा वास यायचा. पोरगी कातडी लाल होईपर्यंत अंग घासायची आणि जरा घाम आला की पुन्हा तेच. बाईंना उमासे यायचे. त्यांनी तिच्या कपड्यांना निळी बादली वेगळी काढली, तीही मोरीबाहेर.

"आई, रोज आंघोळ करते हो मी."

"आंघोळ करतेस की पाणी नासवतेस?"

नात वरचं खायला लागली. एकदा अंडं भरवल्यावर तिचं दुपटं उचललं आणि बाईंच्या घशाशी आलं. तोच वास!

"लागली कीड माझ्या वंशाला! उचल पोरगी आणि माहेरी चालती हो."

लेक मध्ये पडला. "आधी डॉक्टरीणबाईंना दाखवू. मग काय ते ठरव."

दोघींची लघवी तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही अस्वच्छता नाही, जन्माचा दोष आहे. मासे, अंडी खाल्ली की पोटात एक वासाचं द्रव्य बनतं. आपलं शरीर ते मोडून टाकतं. यांचं मोडत नाही, ते घामातून बाहेर येतं."

"म्हणजे आईकडूनच आलं ना?" बाईंची मान ताठ झाली.

"एकट्या आईकडून येत नाही, आजी. दोन्हीकडून यावं लागतं. अर्धा वाटा तुमच्या मुलाचा. त्याला तो तुमच्याकडून नाहीतर वडिलांकडून आला. अर्धा वाटा असलेल्यांच्या अंगाला एरवी वास येत नाही. पोटभर मासे खाल्ले तर एखाद्याच्या अंगाला येतो."

"त्यांच्याकडूनच! त्या घराण्यात धड होतं काय!"

बाहेर आल्यावर लेक हळूच म्हणाला, "आई, घरी मासे झाले की बाबा गच्चीवर झोपायचे."

"उकडायचं त्यांना."

"थंडीतसुद्धा? मला म्हणायचे, तुझ्या आईला बोलू नकोस, तिला नाकाचा फार अभिमान आहे."

घरी येऊन बाईंनी स्वतःचा कालचा ब्लाउज हुंगला. काल मासेच होते. काखेत नाक खुपसलं, पुन्हा हुंगलं. काही नाही. साऱ्या गावाची घाण ओळखणाऱ्या नाकाला आपल्याच अंगाची कळत नव्हती. या अंगाच्या वासापायी तो माणूस थंडीतसुद्धा गच्चीवर निजला! बाईंना स्वतःचीच शिसारी आली. मोरीत वाकून त्या कोरड्याच ओकल्या.

सून दाराशी उभी होती. "आई, मी बॅग भरू का?"

"बादली भर." बाईंनी निळी बादली पायानं मोरीत ओढली आणि ब्लाउज तिच्यात टाकला. "आणि उद्यापासून मासे-अंडी बंद. तिघींनाही."

सून जवळ आली तसा बाईंनी पदर नाकाला लावला.

"लांबूनच भर गं. अजून मळमळतंय मला."