पाहुणीसमोरची शेगडी

अकरा दिवसांच्या नातीची नाळ पडली होती, आणि आज तिची पहिली अंघोळ. त्यासाठी तिच्या आजीने, फौजाने, दोन दिवस शेगडीला हात लावला नव्हता. डब्याच्या तळाशी चार बोटं रॉकेल, ते खास राखलेलं. राजधानी अम्मानपासून दूर, अजलूनच्या डोंगरात जानेवारीचा गारठा हाडांत शिरतो. सून बाळाला पोटाशी धरून दोन रजयांत गुरफटून बसली होती. शेगडी पेटली, खोली कुठे जरा ऊब धरू लागली, एवढ्यात दार वाजलं.

दारात टॅबलेट घेतलेली एक मुलगी. नाव सिवार. "काका, इंधनावरचा कर वाढवायचा म्हणतायत. लोकांचं मत विचारत फिरतेय. या आळीतून तुमचं घर निवडलंय."

फौजाला हायसं वाटलं. दोन महिने सगळी आळी टीव्हीसमोर बसून सरकारच्या नावाने बोटं मोडत होती, आणि त्यात तिच्या नवऱ्याचा, अबू नवाफचा, आवाज सगळ्यांत मोठा. एकदाचं कुणीतरी विचारायला आलं होतं!

मुलीला बैठकीत बसवून अबू नवाफ घाईघाईने आत आला आणि त्याने फौजाला मुलाच्या नावाने हाक मारली. "उम्म नवाफ, शेगडी बाहेर आण."

"अहो, बाळाची अंघोळ राहिलीय!"

"मग काय, पाहुणीला गारठ्यात बसवू?"

"पाहुणी कसली? सर्व्हेवाली आहे ती."

"उंबरा ओलांडून आली ना? झालं तर मग."

फौजाने शेगडी बैठकीत नेऊन ठेवली. मुलगी हात शेकू लागली. अबू नवाफने कॉफी ओतली.

"काका, या महिन्यात रॉकेलवाचून घर गार राहिलं, असं झालं कधी?"

"अल्लाची कृपा आहे, पोरी. काही कमी नाही."

"कर वाढला तर झेपेल?"

"देशासाठी थोडं सोसायला नको? घे, कॉफी घे."

दारामागे उभ्या फौजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालच हा माणूस मंत्र्याच्या सात पिढ्या उद्धारत होता! परक्यापुढे रडगाणं गायचं नाही, हे तिच्याही हाडीमाशी खिळलेलं. पण घरोघरी असंच हसून सांगितलं असेल, तर ही पोर अम्मानला जाऊन काय सांगणार? लोक मजेत आहेत?

आत बाळ रडू लागलं.

पाहुण्यापुढची शेगडी उचलणं म्हणजे त्याला हाकलणंच. फौजा पुढे झाली आणि तिने ती उचलली.

"माफ कर गं पोरी. आत बाळ खोळंबलंय, नि घरात रॉकेल काय ते एवढंच. आता विचार त्यांना परत."

सिवारचा चेहरा गोरामोरा झाला. "मावशी, मला घरातल्या एकाचंच उत्तर लिहिता येतं." ती अबू नवाफकडे वळली. "काका... तो पहिला प्रश्न पुन्हा विचारू?"

अबू नवाफची मान वर होईना. कान लालबुंद झाले होते. आता तरी हा खरं बोलेल, असं फौजाला वाटलं. शेगडी हातात धरून ती उंबऱ्यातच थांबली.

अबू नवाफ उठला. अंगातला मेंढीच्या कातड्याचा झगा त्याने काढला आणि मुलीच्या गुडघ्यांवर नीट पांघरला. खाली नुसता विटका सदरा होता.

"लिही," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "काही कमी नाही."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग फौजाकडे पाहिलं, आणि तसंच लिहिलं.