ज्या दिवशी मला आचेवर ठेवले नाही

मी एक जुनी किटली आहे. निळ्या इनॅमलची, अंगावर पांढरे ठिपके, बुडाशी दोन ठिकाणी टवके उडालेले. मिनेसोटातल्या नॉर्डाल गावच्या चर्चच्या तळघरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आवाज मऊ ठेवतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका, मित्रांनो. मी रागावलेली आहे, आणि का रागावले आहे ते सांगितल्याखेरीज मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा ठोकला, त्यावर निळा थर चढवला आणि मला भट्टीत भाजले. तेव्हा नॉर्डालच्या बायकांनी आठवडाभर बटाट्याच्या पोळ्या लाटून विकल्या होत्या, त्या कमाईतून मला इथे आणले. मी भरलेली असताना एकीला उचलत नाही. दोघींनी दोन बाजूंनी धरावे लागते, आणि त्या दोघींचे त्या दिवशी भांडण असले तरी धरावेच लागते.

नॉर्डालची कॉफी अंडे घालून करतात. हसू नका. कॉफीच्या भरडीत अंडे फोडायचे, कवचासकट कुस्करायचे आणि तो गोळा माझ्या उकळत्या पाण्यात सोडायचा. शेवटी वरून एक पेला गार पाणी ओतायचे. गाळ सगळा खाली बसतो आणि कॉफी इतकी निवळ होते की कपाचा तळ दिसतो.

गावात कुणी गेले की मला आचेवर ठेवायचे, ही इथली रीत. ते कुणाला सांगावे लागत नसे आणि कुणाला आमंत्रणही नसे. दफन आटोपले की माणसे गारठलेली, नाक ओढत परत येत आणि तळघराचा जिना उतरत. खाली हॅमचे पाव, काकडीचे लोणचे, लिंबाच्या वड्या आणि मी. गेलेला माणूस दारुडा असो, भांडकुदळ असो, वर्षातून एकदा चर्चचे तोंड पाहणारा असो, कॉफी तीच. लार्स ब्रेकेने जन्मभर शेजाऱ्याच्या रानात कुंपण सरकवले. त्याच्या मयताला मला दोनदा भरावे लागले, आणि तो शेजारीच कप घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा होता.

गाव म्हणजे काय हे मला कपांवरून कळायचे. सुरुवातीला बारशांचे कप आणि मयतांचे कप सारखेच निघत. मग शेते एकमेकांत मिसळून मोठी झाली आणि घरे रिकामी पडली. दूध डेअरी बंद झाली, किराण्याचे दुकान गेले, पोरे शिकायला शहरात गेली ती तिकडचीच झाली. बारसे असले तर ते नातवाचे, आणि तो नातू संध्याकाळच्या आत गाडीत बसून परत जायचा. मयते मात्र इथेच व्हायची. मला उसंत नव्हती, पण मला भरणाऱ्या बायका दरवर्षी एकेक करून कमी होत गेल्या. ज्यांनी काल मला भरले, त्यांच्यासाठीच आज मला भरायचे.

शेवटी दोघी उरल्या. आर्डिथ हॉगेन स्वयंपाकघराची मुख्य. तिच्या हातची अंडे-कॉफी पंचक्रोशीत नावाजलेली होती, आणि ते तिलाही माहीत होते. दुसरी बर्निस, कंबर दुखणारी, आर्डिथच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारी.

अशात शेजारच्या तालुक्यातला टर्की पक्ष्यांच्या मांसाचा कारखाना वाढला आणि नॉर्डालच्या रिकाम्या घरांत दिवे लागले. बर्मातून जीव घेऊन निघालेली, सरहद्दीवरच्या छावण्यांत वर्षानुवर्षे काढलेली करेन माणसे ती. ती आधीपासूनच ख्रिस्ती. पहिल्याच रविवारी येऊन मागच्या बाकांवर बसली आणि पुढच्यांपेक्षा सुरात गायली. त्यांतली मूपॉ पहिल्याच मयताला जिना उतरली, कुणी न सांगता एप्रन बांधला आणि कप विसळू लागली.

मूपॉ आर्डिथला मावशी म्हणायची. इथे कुणी कुणाला मावशी म्हणत नाही, सगळे नावाने हाक मारतात. आर्डिथला ते भलतेच आवडले होते, पण तसे ती कबूल करायची नाही.

"मू, अंडं असं नाही फोडायचं. तू काय बदकाचं अंडं फोडतेयस का?"

"मावशी, आमच्याकडे बदकाचंच असतं. आणि ते चांगलं असतं."

"मग तुमच्याकडची कॉफी कशी असते?"

"वाईट," मूपॉ म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

मूपॉबरोबर तिची आई यायची, एवा. तिला इथली भाषा येत नव्हती. गावातले एक मयत तिने चुकवले नाही. ओळख ना पाळख, पण ती दफनाला उभी राहायची, खरोखरचे रडायची, मग खाली येऊन, स्वयंपाकघरातून कप बाहेर द्यायच्या खिडकीजवळच्या टोकाच्या खुर्चीवर बसायची. आर्डिथ स्वतः तिचा कप भरायची, तीन चमचे साखर घालून. "ही बाई मेलेल्यांना ओळखत नाही आणि नातेवाइकांपेक्षा जास्त रडते," आर्डिथ बर्निसला म्हणायची. नऊ वर्षे हे चालले.

मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या कचेरीतून एक मुलगी आली. तळघरात पडदा लावून तिने नॉर्डालची माहिती दाखवली. किती माणसे, किती घरे, किती वयाची, घरात कोणती भाषा बोलणारी. लोकसंख्या घसरत होती ती वर चढली होती. सरासरी वय एकोणसाठ होते, ते एक्केचाळीस झाले होते. पहिलीच्या वर्गात इतकी मुले होती की शाळा बंद करायचा विचार सोडून दिला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आर्डिथचा नवरा मेल्विन म्हणाला, "ऐकलंस का? आपण अठरा वर्षांनी लहान झालो."

"तू झालायस लहान. म्हणून तर सारखा पडतोस," आर्डिथ म्हणाली.

टोकाच्या खुर्चीवरून एवाने मूपॉला हळूच विचारले की टाळ्या कशाच्या. मूपॉ म्हणाली, "आपल्याच, आई. आपण आलो म्हणून शाळा राहिली." एवानेही टाळ्या वाजवल्या. त्या पहिलीच्या वर्गात तिचे दोन नातू होते.

मार्चमध्ये एवा गेली.

मंगळवारी आर्डिथ आणि बर्निस स्वयंपाकघरात आल्या. मी खिडकीलगतच्या फळीवर होते आणि मनातून तयार होते. टोकाच्या खुर्चीचा कप कुणी भरायचा, एवढाच प्रश्न मला पडला होता.

"गुरुवारचं काय करायचं?" बर्निसने विचारले. "पाव किती सांगू?"

"पाद्रीबाई म्हणत होत्या, त्यांच्यात घरी जमतात, गातात, भात करतात. त्यांनी त्यांचं ठरवलं असेल."

"मूला विचारू का?"

"अगं, विचारलं की तिला हो म्हणावंच लागेल. उगाच अवघडल्यासारखं होतं माणसाला. आणि हॅम त्यांना चालतं की नाही, कुणाला ठाऊक."

"एवा तर दोन-दोन पाव खायची."

"बर्निस, प्रत्येक ठिकाणी आपण घुसायलाच हवं का?"

बर्निसने मान डोलावली. आर्डिथने खिडकीचे शटर ओढले, स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप लावले आणि दोघी गेल्या.

मित्रांनो, नॉर्डालमध्ये कुणी कुणाचा अपमान करत नाही. इथे फक्त दुसऱ्याला त्रास नको म्हणून त्याला विचारत नाहीत. कुंपण सरकवणाऱ्या लार्सच्या घरी कुणी विचारायला गेले नव्हते की बाबा, तुला कॉफी चालेल का. विचार पडला तो नऊ वर्षे यांचे कप विसळणाऱ्या बाईच्या आईपाशी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण किटलीच्या रागाला खालून जाळ लागतो, आणि तो लावायला कुणी नव्हते.

गुरुवारी दुपारी जिन्यावर पावले वाजली.

मूपॉ आणि तिची माणसे आली होती. दफन झाले आणि ते खाली आले, कारण नॉर्डालमध्ये दफन झाले की खाली यायचे असते. नऊ वर्षांत ते हेच शिकले होते. तळघरात अंधार होता. खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या. मूपॉने दिवे लावले. तिच्या नवऱ्याने, सॉ एडोने, खुर्च्या मांडल्या आणि सगळे बसले, म्हातारीकोतारी, कारखान्याची पाळी सोडून आलेले तरुण, मांडीवरची पोरे. एका नातवाने विचारले, "पाव कुठे आहेत?"

"थांब," मूपॉ म्हणाली. "येतील."

कुणी आले नाही.

बऱ्याच वेळाने मूपॉ उठली आणि खिडकीशी आली. शटर खाली नीट बसत नाही, हात जाईल एवढी फट राहते. तिने त्या फटीतून हात घातला आणि माझ्या तोटीला लावला. मी गार होते. इतक्या वर्षांत मी इतकी गार कधी नव्हते.

त्यांनी खुर्च्या होत्या तशा परत रचल्या, दिवे मालवले आणि ते जिना चढून गेले.

रविवारी आर्डिथने मूपॉच्या दंडावर हात ठेवला. "आई शांतपणे गेली, हे बरं झालं. काही लागलं तर सांग हं."

मूपॉ फक्त हो म्हणाली. त्यानंतर ती चर्चला येत राहिली, पण तळघरात उतरली नाही. "दमत असेल, कारखान्याचं काम," आर्डिथ म्हणायची. त्याच सुमारास गावच्या इतिहास मंडळाची माणसे मला बघून गेली. मी म्हणे नॉर्डालचा वारसा आहे. मला काचेच्या कपाटात ठेवायचे, खाली पाटी लावायची. आर्डिथने मला घासून लख्ख केले.

ऑक्टोबरात मेल्विन गेला. या खेपेला तो पडला तो उठलाच नाही.

आपल्या घरच्या मयताला कुणी स्वयंपाकघरात काम करत नाही, त्यामुळे आर्डिथला बसून राहायचे होते. उरली एकटी बर्निस. तिने मूपॉला फोन केला आणि मूपॉ येते म्हणाली. बर्निसने आर्डिथच्या मुलाकडून मला शेगडीवर चढवून घेतले आणि खाली जाळ लावला.

दफनाहून सगळे खाली आले. मूपॉही आली, हाताने विणलेला लाल झगा घालून, तिच्या लोकांत अशा दिवशी घालतात तसा. ती स्वयंपाकघराकडे वळली नाही. ती खिडकीजवळच्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"मू, बरं झालं आलीस," बर्निस खिडकीतून म्हणाली. "एप्रन खुंटीला आहे बघ."

"मी मेल्विनसाठी आलेय. एप्रनसाठी नाही."

"अगं, पण पाणी उकळतंय."

"उकळू दे."

मी उकळतच होते. माझे झाकण थडथडत होते आणि सगळ्या तळघरात तेवढाच आवाज होता. आर्डिथने मान वळवली. "मू? काय झालं?"

"मार्चमध्ये आम्ही इथे बसलो होतो, आर्डिथ." मावशी नाही, आर्डिथ. "दफनानंतर. सगळे. मुलं पाव मागत होती. मी त्यांना म्हणाले, थांबा, येतील."

"इथे? खाली?" आर्डिथचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्ही घरी..."

"तुम्हाला वाटलं. तुम्ही विचारलं नाहीत."

"तुला अवघड वाटू नये म्हणून गं."

"कुणाला अवघड वाटू नये म्हणून?"

आर्डिथ टेबलाला धरून उठली.

"आई, तू बस," तिची मुलगी म्हणाली. "आज तू काम करायचं नसतं."

"मला माहीत आहे काय करायचं नसतं," आर्डिथ म्हणाली. आत येऊन तिने काळ्या पोशाखावर एप्रन बांधला. एक अंडे ओट्यावर फुटले, तिने दुसरे घेतले. भरड कालवली, गोळा माझ्यात सोडला, वरून गार पाणी ओतले. मग तिने आणि बर्निसने मला दोन बाजूंनी धरून उतरवले. मेल्विनची सगळी माणसे वाट बघत बसली होती. पहिला कप तिने भरला, त्यात तीन चमचे साखर घातली आणि तो सगळ्यांच्या मधून नेऊन मूपॉपुढे ठेवला.

"तीन चमचे," ती म्हणाली. "एवाची."

मूपॉने कपाकडे पाहिले. तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. तिने कप उचलला आणि शेजारच्या रिकाम्या जागेपुढे ठेवला.

"हा तिचा झाला," ती म्हणाली. "माझा अजून यायचाय."

आणि आर्डिथ हॉगेन, स्वतःच्या नवऱ्याच्या मयताच्या दिवशी, दुसरा कप आणायला परत माझ्याकडे आली.

माझा राग गेला का, असे विचाराल तर नाही. दोन कपांनी मार्चमधला तो गुरुवार भरून निघत नाही. काचेच्या कपाटाची बोलणी अजून चालू आहेत. तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाची माझ्यावर माया असेल तर एवढे करा. मला घासू नका, मला पाटी लावू नका. गावात कुणाचेही मयत झाले की मला पाण्याने भरा, खाली जाळ लावा आणि दार उघडे ठेवा. माणसे जिना उतरून येणार आहेत.