थरथर नसलेली रेघ

प्रयोगशाळेत दोघीच होत्या, नणंद आणि भावजय. उघड्या हवेत तांब्याच्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडायची आणि हवेचा प्लाझ्मा होतो तेव्हा किती वीज वाहते ते मोजायचं, हे त्यांचं काम. ठिणगी नणंद पाडायची. काचेपलीकडे बसून भावजय मोजायची. ऑपरेशननंतर सासूबाईंना, म्हणजे नणंदेच्या आईला, कोणी सांभाळायचं यावरून घरात वाजलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

“सोडते,” नणंद म्हणाली.

वीज साठवणारे कपॅसिटर भरत गेले, भावजयीच्या पडद्यावरची रेघ चढत गेली. गोळ्यांभोवती जांभळट उजेड चरचरला, उग्र वास सुटला; ठिणगी मात्र पडेना.

“अंतर जास्त झालंय.” नणंदेने वीज बंद केली, थोडं थांबून गोळ्यांभोवतीच्या जाळीचं दार उघडलं. “किती वीज उरलीय?”

भावजयीने खुर्ची पुढे ओढून पाहिलं. “शून्य.”

नणंद आत शिरली. साठलेली वीज जमिनीत उतरवायची अर्थिंगची काठी भिंतीवरच राहिली.

भावजय रेघेकडे बघत होती. ती सरळ होती, नको इतकी सरळ. एरवी दिव्यापंख्याच्या विजेची बारीक थरथर तिच्यात असायचीच. तिने खाली पाहिलं. मोजणीची वायर निसटून खुर्चीच्या चाकात अडकली होती.

ती ओरडली, “वन्सं, हात मागे घ्या!”

“आता कामातही तूच शिकव मला!”

“वायर सुटलीय! आकडा खोटा आहे!”

नणंदेचा हात गोळ्यापासून वीतभर अंतरावर थबकला. ती पाऊल पाऊल मागे आली. भिंतीवरची काठी काढून तिने लांबूनच गोळ्याला टेकवली.

धाडकन आवाज झाला. काच थरारली.

मग नणंद मटकन खाली बसली. भावजयीने धावत येऊन तिच्या हातातली काठी सोडवली. बोटं उघडतच नव्हती.

“खुर्ची मी ओढली,” भावजय रडवेली झाली. “वायर न बघता शून्य सांगितलं.”

“आणि काठी न लावता आत कोण गेलं? माझं भूत?” नणंद हसायला गेली, पण हुंदकाच फुटला.

त्या दिवशी पुन्हा वीज चालू केली नाही. संध्याकाळी दोघी एकाच गाडीने घरी निघाल्या. सासूबाईंवरून वाटभर कडाकडा भांडल्या, पण एकीनेही तोंड फिरवलं नाही.