बॅग बाबांनी भरली

फोन वाजला तेव्हा लिफ्टवाले एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनरूममध्ये गुडघ्यांवर बसून ब्रेकचं कव्हर उघडत होते. दोन्ही हात ग्रीसने माखलेले. त्यांनी कोपराने फोनचा स्पीकर चालू केला. पलीकडे लेक होती.

“बाबा, आधी शांतपणे ऐका. मला काही झालेलं नाही.”

लिफ्टवाल्यांनी हातातला पाना खाली ठेवला. चौतीस वर्षं ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना दाराच्या फटीतून हेच सांगत आले होते, आणि ते कधी सांगायचं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“बोल.”

“तपासणीला आले होते. बीपी बरंच वाढलंय. घरी सोडत नाहीयेत, दाखल करून घेतलंय. तुम्ही माझ्या घरी जाऊन बॅग आणाल का?”

“भरून ठेवली असशील ना?”

“कुठली भरलेली! अजून सहा आठवडे होते की हातात. मी यादी पाठवते. किल्ली समोरच्या बाईंकडे आहे.”

“आणि जावई?”

“तो बाहेरगावी आहे.” ती जरा घाईनेच म्हणाली. “यादी पाठवते. ठेवते आता, सिस्टर आल्यात.”

ब्रेकचं कव्हर कामावरच्या जोडीदाराच्या हाती सोपवून ते निघाले. हात धुतले, पण नखांतलं ग्रीस काही निघालं नाही.

ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी वर्गात रांगेत पहिली उभी राहायची म्हणून घरात तिला बुटकी म्हणत. दहावीत गेली आणि बघता बघता बापापेक्षा दोन बोटं उंच झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये काम करायची. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आई असती तर ही बॅग दोन महिने आधीच दाराशी तयार असती, हे लिफ्टवाल्यांना बसमध्ये बसल्या बसल्या वाटलं आणि त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

समोरच्या बाई म्हणजे एका ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, काटक, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी किल्ली दिली, “काही लागलं तर हाक मारा,” म्हणाल्या, आणि आणखी काही विचारावं की नाही अशा नजरेने दारात घुटमळल्या. लिफ्टवाल्यांना घाई होती. त्यांनी दार लोटून घेतलं.

यादी आली होती. पुढून बटणं असलेले गाऊन दोन. आतले कपडे. टॉवेल मोठा एक, लहान दोन. सपाता. कंगवा, दातांचा ब्रश, चार्जर. तपासणीची निळी फाइल, सकाळी न्यायची विसरले. बाळाचे कपडे, टोपडी, दुपटी. शेवटी लिहिलं होतं, ‘बाकी राहू दे, गडबडू नका.’

सपाता पलंगाखाली मिळाल्या. टॉवेल बाथरूममागच्या कप्प्यात. ब्रश घ्यायला गेले तर पेल्यात एकच ब्रश होता. माणूस बाहेरगावी जाताना आपला ब्रश नेणारच, असं म्हणून त्यांनी तो रुमालात गुंडाळला. गाऊनसाठी कपाट उघडलं. उजवी बाजू गच्च भरलेली, कपडे एकावर एक कोंबलेले. डावी बाजू रिकामी.

नुसते हँगर लटकत होते. चौदा की पंधरा. शर्ट नाही, पँट नाही, खालच्या कप्प्यात बूट नाहीत. कप्प्यावर धुळीचा पातळ थर होता आणि त्यावर कोणाचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. लिफ्टवाले बराच वेळ कपाटाचं दार धरून उभे राहिले. कामासाठी फिरतीवर जाणारा माणूस दहा दिवसांचे कपडे नेतो. सगळे हँगर मोकळे करून जात नाही.

तरी त्यांनी मन घट्ट करून गाऊन शोधले. आतले कपडे घेताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि हाताला लागले ते मूठभर उचलून बॅगेत टाकले. बाळाचे कपडे एका खोक्यात धुऊन, घडी घालून ठेवलेले होते. निळी फाइल टेबलावर होती. ती उघडायचं काही कारण नव्हतं, पण उचलताना वरचा कागद सरकला. हॉस्पिटलचा नावनोंदणीचा फॉर्म. प्रसूतीच्या वेळी सोबत कोण, या प्रश्नापुढे तिने काही लिहिलं होतं आणि मग आडवी रेघ मारून खोडलं होतं. त्याखाली काहीच नव्हतं. तातडीच्या संपर्कासाठी लिफ्टवाल्यांचा नंबर होता.

त्यांनी समोरचं दार वाजवलं.

“बाई, एक विचारायचं होतं. आमचे जावई कधी गेले?”

बाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे तिने तुम्हाला सांगितलं नाही?”

“तुम्ही सांगा.”

“अहो, पाच महिने होतील आता. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एक दिवस टेम्पो आला आणि सामान गेलं. दुसरीकडे कुणाबरोबर तरी संसार थाटलाय म्हणे. तुमची लेक दुसऱ्या दिवशी कामावर गेली. मी दोनदा म्हटलं, वडिलांना कळव. तर म्हणाली, त्यांना नाही झेपायचं.”

“मला नाही झेपायचं?”

“तसंच म्हणाली.” बाईंनी त्यांच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. “चेन तुटेल अशाने. आणा इकडे, नीट भरून देते.”

त्यांनी बॅग दिली आणि खुर्चीवर बसले. बाई कपडे काढून पुन्हा घड्या घालत होत्या आणि लिफ्टवाले आठवत होते. पाच महिने. पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी बुटकी न कळवता घरी आली होती. हातात लहान पिशवी. ते टेबलावर एक मोटर उघडून बसले होते. तिने चहा केला, मग समोर बसून दोनदा म्हणाली, “बाबा, एक बोलायचंय.” दोन्ही वेळा ते म्हणाले, “हो, एवढी तार लावून होऊ दे.” तार लावून झाली आणि फोन आला, कुठे तरी लिफ्ट बंद पडली होती. निघता निघता ते म्हणाले होते, “राहतेस काय? रात्री परत जा बाई, तिकडे त्याच्या जेवणाचे हाल व्हायचे.” ते परत आले तेव्हा ती गेलेली होती. चहाचे कप धुऊन पालथे घातलेले होते.

आणि त्याच्याही आधी, भाचीने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा जेवताना आपण काय बोललो होतो तेही त्यांना आठवलं. “आजकालच्या मुलींना दम म्हणून नाही.” बुटकी समोर बसून मुकाट्याने जेवत होती. मग तिने कशाला तोंड उघडावं?

“झाली बघा,” बाई म्हणाल्या. “आणि काका, तिथे जाऊन तिला जाब विचारू नका. बीपी आहे.”

“नाही विचारणार,” ते म्हणाले.

हॉस्पिटलमध्ये बुटकी खिडकीजवळच्या पलंगावर होती. चेहरा सुजलेला, पावलं तर ओळखू येईनात. दंडाला पट्टा बांधलेला होता आणि दर थोड्या वेळाने तो आपोआप फुगत होता. तिने बॅग पाहिली.

“सापडलं सगळं?”

“सापडलं.”

“कंगवा?”

कंगवा राहिला होता. “आणतो खालून,” ते म्हणाले, आणि उभेच राहिले. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. दोघांनाही कळलं होतं की आता दोघांनाही ठाऊक आहे.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पण बोलणं रोखठोक. लघवीत प्रथिनं जास्त आहेत, गोळ्यांनी बीपी उतरत नाही, थांबण्यात आईला धोका आहे आणि बाळालाही. तासाभरात सिझेरियन करायचं. मागे उभ्या सिस्टरने कागद पुढे केला.

“यांचे मिस्टर कुठे आहेत? सोबतच्या नातेवाइकाची सही लागेल.”

बुटकी बोलायला गेली. 

“नाहीत ते,” लिफ्टवाले म्हणाले. “येणारही नाहीत. मी वडील. मला दाखवा कुठे करायची.”

त्यांनी सही केली. सिस्टर कागद घेऊन गेल्या. दंडावरचा पट्टा पुन्हा फुगला.

“कपाट उघडलंत ना,” ती म्हणाली.

“गाऊन घ्यायला.”

“मला आधी आठवलंच नाही. यादी पाठवून झाल्यावर लक्षात आलं. म्हटलं, जाऊ दे, आता कळू दे.”

“त्या रविवारी हेच सांगायला आली होतीस?”

“हो.”

“आणि मी तुला परत पाठवलं.”

लिफ्टवाल्यांना वाटलं, ती म्हणेल, तसं नाही बाबा, तुम्हाला काय माहीत. ती तसं काही म्हणाली नाही.

“हो, पाठवलंत,” ती म्हणाली. “मी बसस्टॉपवर तीन बस सोडल्या. वाटलं, तुम्ही फोन कराल. मग चौथीत बसले.”

 त्यांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. ती सारखीच होती, तरी केली.

“चुकलं माझं,” अखेर ते म्हणाले. आयुष्यात ते हे शब्द फारसे बोलले नव्हते, बायकोशीही नाही. आवाज भलताच मोठा निघाला आणि शेजारच्या पलंगावरची बाई वळून बघू लागली.

बुटकीला हसू आलं आणि रडूही. “हळू बोला. हे मशीनरूम नाही.” मग ती एकदम गंभीर झाली. “बाबा, मला भीती वाटतेय. एक कबूल करा. बाळाचं काहीही असलं, तरी मला खरं सांगायचं. आई आजारी होती तेव्हा तुम्ही मला शेवटपर्यंत ‘बरी आहे, बरी आहे’ म्हणत राहिलात. तसं नाही करायचं.”

“नाही करणार.”

“शब्द द्या.”

त्यांनी तिचा हात हातात घेतला. सुजेने बोटं घट्ट झाली होती आणि अंगठीच्या जागी नुसता फिकट वळ होता.

तिला आत नेलं. लिफ्टवाले बाहेरच्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. कॉरिडॉरच्या टोकाला हॉस्पिटलची लिफ्ट होती आणि दार बंद होताना प्रत्येक वेळी खरखरत होतं. एरवी त्यांनी उठून पाहिलं असतं. आज त्यांना ते ऐकूच येत नव्हतं.

पाऊण तासाने सिस्टर एक गुंडाळी घेऊन धावतच बाहेर आल्या. “मुलगी आहे,” एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. लिफ्टवाले मागोमाग गेले. काचेपलीकडे तिला पेटीत ठेवलं, नाकाला नळी लावली. एक किलो आठशे ग्रॅम. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, एवढीशी छाती दमून दमून वरखाली होत होती. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, “फुप्फुसं अजून तयार नाहीत. मशीनची मदत दिलीय. दोन दिवस गेले की कळेल. आत्ता मी काही सांगू शकत नाही.”

संध्याकाळी बुटकीला वॉर्डात आणलं. ती अर्धवट शुद्धीत होती, पण डोळे उघडताच तिने विचारलं, “कशी आहे?”

लिफ्टवाल्यांच्या ओठांवर ‘बरी आहे’ आलं होतं. एवढी दमलेली पोर, टाके ओले, बीपी अजून चढलेलं. सकाळी सांगता आलं असतं. कोणीही हेच केलं असतं.

“मुलगी आहे,” ते म्हणाले. “लहान आहे. श्वास घ्यायला तिला त्रास होतोय, नाकाला नळी लावलीय. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काही सांगता येत नाही.”

ती रडली. मोठ्याने नाही, टाके ओढू नयेत म्हणून पोटावर हात दाबून. लिफ्टवाले तिथेच बसून राहिले. त्यांनी ‘रडू नकोस’ म्हटलं नाही.

“तुम्ही बघितलंत तिला? तुमच्या डोळ्यांनी?”

“बघितलं. डावी मूठ आवळलेली आहे. केस भरपूर आहेत. रंग लालसर. मी होतो तेव्हा दोनदा पाय झाडले.”

“परत जाऊन बघून या. आणि आहे तसं सांगा.”

ते गेले. त्या संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस ते दर दोन तासांनी काचेपाशी जात आणि येऊन सांगत. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा किती, नळी तशीच आहे का, दूध दिलं का. पहिल्या दिवशी आकडा खाली गेला, तर तेही सांगितलं.  बुटकी डोळे मिटून ऐकायची, मान हलवायची. कधी म्हणायची, “हं.” 

तिसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली. सहाव्या दिवशी बुटकीला चाकांच्या खुर्चीतून नेऊन मुलगी तिच्या छातीवर ठेवली. समोरच्या बाईंनी घडी घालून दिलेलं झबलं एवढं मोठं होत होतं की पोर आत कुठे आहे ते शोधावं लागलं.

“बाबा,” मुलीवरची नजर न काढता बुटकी म्हणाली, “मी तुमच्या घरी राहायला येणार नाही. ते आत्ताच सांगते.”

त्यांना ते लागलं. तसं त्यांनी दाखवलं नाही, मग खरं सांगायचा शब्द आठवून म्हणाले, “वाईट वाटलं मला.”

“माहीत आहे.”

“मग मी येऊ का तुझ्याकडे? महिनाभर. रात्रपाळी बंद करून टाकतो.”

 मुलीने डोळा किलकिला केला, पुन्हा मिटला.

“पंधरा दिवस,” बुटकी म्हणाली. “मग बघू.”