फिरकीने पाहिलेले आकाश

मी पतंगाचा दोरा गुंडाळायची एक जुनी फिरकी आहे. मित्रांनो, उत्तरायण, म्हणजे आमच्याकडची पतंगांची संक्रांत, सरले की पतंग सगळ्यांना आठवतो. मांजाने बोट कापलेले असते, म्हणून मांजाही आठवतो. फिरकी कोणी धरली होती, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याचा राग मी कधीच सोडला. माझी खोड वेगळी, मला चौकशा फार. पतंग उडवणारा वर पाहतो आणि मी फिरकी धरणाऱ्याच्या पोटाशी असते. दोरा सुटला की गरगर फिरायचे, पण वर चालले आहे काय, ते मला कधी कळत नसे.

छाणी गावच्या एका सुताराने मला सागाच्या लाकडातून कातले. धनाजीराव तेव्हा मकरपुऱ्याच्या कारखान्यात नवे फिटर होते. त्यांनी मला तरसालीच्या घरी आणले. त्यांचा पतंग सहसा कटत नसे, त्यामुळे थोडे कौतुक माझ्याही वाट्याला येई. मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. नजर हळूहळू गेली, ते गच्चीवर येईनासे झाले आणि माझी रवानगी माळ्यावर मोडक्या कूलरखाली झाली.

तिथून मला यंदा बाहेर काढले ते मैथिलीमुळे. ही धनाजीरावांची नात. तिची मराठी शाळा बंद पडली आणि तिला इंग्रजी शाळेत घातले. पहिल्याच आठवड्यात वर्ग तिच्या चुकीला हसला आणि पोरीने तोंडच मिटले. उत्तरायणानंतर तोंडी परीक्षा होती. चित्रात काय चालले आहे ते सांगायचे, मग सणाच्या दिवशी घरात कोण काय करत होते ते सांगायचे. नाही बोलली तर खालच्या वर्गात बसवणार होते. घरात सगळ्यांना काळजी लागली.

उत्तरायणाच्या सकाळी धनाजीराव गच्चीच्या जिन्याशी येऊन मैथिलीला म्हणाले, "चल ने अगाशीवर. फिरकी मी धरतो. मला काही दिसत नाही, तर वर काय चाललंय ते तू सांग. पण इंग्लिशमधे हं."

मैथिलीने पतंग चढवला. ती हळूच म्हणाली, "काइट इज गो अप."

तिचा मोठा भाऊ दिग्विजय पाण्याच्या टाकीवर बसला होता. तो हसून म्हणाला, "गो नाही, गोइंग."

झाले. मैथिली गप्प झाली. धनाजीराव मला घट्ट धरून वाट पाहत राहिले. ढील हवी होती, पण ती त्यांना कळणार कशी? दोरा ताणला गेला आणि पतंग कटला. शेजारच्या गच्चीवरून "लपेट, लपेट" असा जिंकल्याचा गलका झाला. मला फार वाईट वाटले.

धनाजीराव रागावले नाहीत. "दिग्विजय, तुझं बरोबर असेल, पण ही वेळ नव्हती. आणि मैथिली, चुकीचं बोललीस तरी मी ढील देईन. गप्प बसलीस तर काय देऊ?"

दुसरा पतंग चढला. आता मैथिली बोलू लागली, आधी अडखळत, मग घाईघाईने. हिरवा पतंग मागून येत होता, तो घिरट्या घालत होता, आमचा खाली सरकत होता. "ही इज कमिंग, आजोबा! ही इज कमिंग नियर!" धनाजीरावांनी हात सैल केले आणि मी सुसाट फिरले. आयुष्यात पहिल्यांदा मला ठाऊक होते की मी का फिरते आहे. हिरवा पतंग कटला.

परीक्षेचे आधीच सांगून टाकते. मैथिली बोलली, काही ठिकाणी चुकली आणि आपल्याच वर्गात राहिली. पण मला आठवते ती उत्तरायणाची संध्याकाळ.

सगळे गच्चीवर उंधियू खायला बसले होते. आईने विचारले, "दिवसभर काय चाललं होतं गं वर?" मैथिलीने न विचारता इंग्रजीतच सुरुवात केली. ती दोरा खेचत होती, हिरवा पतंग येत होता, दादा टाकीवर बसून चिक्की खात होता. धनाजीराव ऐकत होते. कारखान्यातले जुने इंग्रजी गोळा करून त्यांनी विचारले, "अँड आय? आय व्हॉट डुइंग?"

मैथिलीने थोडा विचार केला.

"आजोबा, यू वेअर सीइंग."

दिग्विजयने चूक सुधारायला तोंड उघडले. आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मिटून घेतले. मग उठून त्याने मला हाती घेतले आणि जमिनीवर पडलेला दोरा मुकाट्याने गुंडाळू लागला.

मित्रांनो, सण संपला की दोरा असाच गोळा करा, पाखरांचे पाय त्यात अडकतात. फिरकी कोरड्या जागी ठेवा. आणि तुमच्या शेजारी कोणी नव्या भाषेत बोलू लागले, तर लगेच खेचू नका. थोडी ढील द्या. तो तुम्हाला काहीतरी दाखवत असतो.